गावसंग्रहालय, नोंद ४: मापांचा संच, मोटेचं चामडं आणि तिफणीतला भुंगेरा

या टप्प्यात सगळ्यात जास्त वेळ धान्याच्या मापांनी खाल्ला, आणि तो वसूलही झाला. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली असा संच. कागदावर हिशोब सोपा: प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे पायलीत ४ शेर, ८ मापटी, १६ चिपटी. पण गावोगावची पायली एकसारखी नव्हती. मण तर काही भागांत १२ पायल्यांचा, काही भागांत १६ चा. शिवाय वजनाचा शेर वेगळा (८० तोळे, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम) आणि मापाचा शेर वेगळा; दोन्ही एकच समजून पाटी लिहिली की पुढचे सगळे आकडे चुकतात. तेव्हा जुन्या अंकगणिताच्या कोष्टकावरून लिटर उतरवायचे नाहीत. माप हातात आहे, तर ते मोजायचं.

पाणी ओतून मोजू नका. लाकडी माप फुगतं, पत्र्याचं सांध्यात गंजतं. कोरडी, निवडलेली मोहरी घ्या. नरसाळ्याचं तोंड काठापासून ५ सेंटीमीटर वर धरून एकसारखी धार सोडा, मग सरळ पट्टीने एकाच फटक्यात काठ सपाट करा. माप ठोकायचं नाही, हलवायचं नाही; दाणे बसतात, आत जास्त मावतात आणि आकडा फुगतो. मोहरी १ लिटरच्या खुणांच्या नळकांड्यात ओतून वाचा. असं तीनदा. तिन्ही आकड्यांत १ टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर हात चुकलाय, पुन्हा करा.

हे झालं सपाट माप. पण व्यवहारात माप पुष्कळदा शिगेनं, म्हणजे काठाच्या वर धान्याची रास येईपर्यंत, भरत, आणि शीग धान्यावर ठरते. भाताच्या सालीला खरखर असते, त्याची शीग उंच राहते, मोहरी घरंगळते. म्हणून शिगेचा आकडा त्या घरात जे धान्य मोजलं जाई त्याच धान्याने काढायचा, आणि नोंदीत दोन्ही आकडे स्वतंत्र लिहायचे.

दुपटीचा हिशोब तपासायलाही उपयोगी पडतो. चिपट्यापासून शेरापर्यंत जमतंय आणि पायलीलाच बिनसतंय, तर पायली बहुधा दुसऱ्या संचातली असते. बुड आत ठोकलेलं असलं तर मात्र ते सरळ करायला जाऊ नका. पोचा अपघाताने पडला की कुणी मुद्दाम पाडला हे कळायला तोच एक पुरावा आहे. काठावरचा छाप किंवा सन तिरप्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून टिपा. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, त्यामुळे ही मापं त्याआधीची की नंतरही वापरात राहिलेली, हे ठरवायला छाप कामी येतो.

पितळी मापं चिंचेने किंवा पावडरीने चकाचक करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. टिंबाटिंबांनी कोरलेलं मालकाचं नाव घासण्यातच झिजतं. मऊ कोरड्या फडक्याने धूळ काढली, बास. आतली कल्हई उडालेली असली तरी नव्याने करू नका. कल्हईचा नवसागर फटीत राहिला तर पावसाळ्यात तिथे हिरवट पूड धरते.

क्रमांक घालण्यासाठी पॅरालॉइड बी-७२, म्हणजे पारदर्शक अॅक्रिलिक राळ: २० ग्रॅम दाणे मलमलच्या पुरचुंडीत बांधून १०० मिली अॅसिटोनमध्ये रात्रभर लटकवले की विरघळतात. तळाशी सोडले तर गोळा होऊन बसतात. आधी एक हात, तो वाळल्यावर काळ्या शाईने क्रमांक, वर दुसरा हात. पावसाळी हवेत हा थर दुधाळ पडतो, कारण अॅसिटोन झरझर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. हे काम कोरड्या दुपारीच करावं. नेलपॉलिश नको, पिवळं पडतं, पापुद्रे सुटतात. चामड्यावर आणि दोरावर काहीच लावायचं नाही, सुती फितीवर क्रमांक लिहून सैल बांधायचा.

मोट, म्हणजे विहिरीतून बैलांकरवी पाणी ओढायची चामड्याची पिशवी. गावात जो येतो तो तेल लावा म्हणतो. लावू नका. तेलाने चामडं काळवंडतं, धूळ धरतं, श्रावणात बुरशी येते. वापरातल्या मोटेला तेल ठीक होतं, ही आता पाण्यात जाणार नाही. मोट कडीला टांगली तर सगळा भार कडीभोवतीच्या टाक्यांवर येतो आणि चामडं तिथेच फाटतं. म्हणून ती आडवी ठेवून आत धुतलेल्या मांजरपाटाच्या उशा भरल्या, पाणी ओतायच्या सोंडेत वेगळी बारीक उशी. नाडा आणि सोंदूर, म्हणजे मोटेचे जाड व बारीक दोर, मोठ्या वेटोळ्यात, ताण न देता.

तिफणीखाली, म्हणजे पेरणीच्या तीन फणांच्या अवजाराखाली, काळा कागद पसरून दोन आठवडे ठेवला. मैद्यासारखी ताजी पूड पडली, म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगेरा जिवंत आहे. चाडं, म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी, सुटं होतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद केलं आणि उणे १८ अंशांखाली दोन आठवडे ठेवलं. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. तिफणीची दांडी फ्रीझरमध्ये मावत नाही, ती सध्या वेगळ्या खोलीत, लोखंडी घोडीवर, खाली नवा कागद.

तिफणीच्या बाभळीच्या लाकडात खिळ्यांभोवती पडलेले काळे डाग खरवडू नयेत. तो मळ नव्हे, लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड यांचा संयोग आहे. त्याच कारणाने फणाच्या लोखंडाला गंज थांबवायला टॅनिक आम्ल लावताना आधी लाकूड झाकून घ्यावं लागतं, ओघळ गेला की डाग कायमचा. ते काम दांडीतला भुंगेरा संपल्यावर. फणांमधलं अंतर तेव्हाच मोजू. कोणतं पीक पेरत होते त्याचा अंदाज त्यावरून येतो.