पूररेषेचा दाखला काढताना

गोदाकाठच्या तालुक्याच्या गावात घर बांधायचं तर सातबारा, मोजणी, नकाशा हे सगळं होऊन जातं. गाडी अडते पूररेषेच्या दाखल्यापाशी, म्हणजे नदीचा पूर कुठवर येतो त्या नकाशातल्या रेषेच्या हिशोबानं आपला प्लॉट कुठं पडतो, या पत्रापाशी. नगरपालिका म्हणते, पाटबंधारेचं पत्र आणा, मग परवान्याचं बघू.

पाटबंधारेच्या टेबलावरच्या मॅडमनी आमच्या नकाशातल्या १००.०० या आकड्यावर पेन टेकवला. "काका, ही शंभर कुठून आली?" आमच्या सर्व्हेअरनं रस्त्याच्या मोरीचा कठडा शंभर धरला होता, सगळेच तसं करतात. पण पूरपातळी असते समुद्रसपाटीपासूनची. दोन्हींचा मेळ घालायचा तर लेव्हल जीटीएस बेंचमार्कपासून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की ठरलेल्या सरकारी खुणेपासून, आणावी लागते. कबूल. मग तो बेंचमार्क कुठंय? "शाखा अभियंत्यांना विचारा." ते कालव्याच्या पाण्याच्या पाळीवर. पाळी संपली तर मीटिंग. २००६ च्या ऑगस्टात नाथसागरातून (जायकवाडी धरणातून) पाणी सोडलं तेव्हा ते कुठल्या पायरीला टेकलं होतं, हे आमच्या गल्लीतलं पोरगंही सांगेल. पण पायरी कागदावर चालत नाही.

शेवटी सर्व्हेअरच एका जुन्या पुलावरून लेव्हल ओढत आला. तर ऑफिसात म्हणे, पूररेषेच्या नकाशात जुना अख्खा गट आहे, तुमची फाळणी (गटातून पाडलेला वेगळा तुकडा) दिसत नाही! डोकं असं फिरलं की विचारू नका. फाळणीचा नकाशा पहिल्याच अर्जाला जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक नंबर घ्याच.

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. म्हणजे एकदा पूर आला की पुढं २४ वर्षं निवांत, असं नाही. निळीपर्यंत पाणी यायची शक्यता दरवर्षीच शंभरात चार. निळीच्या आत, नदीच्या बाजूला, नवं घर विसरा. आमचा प्लॉट दोन्हींच्या मधे निघाला, तेव्हा हायसं वाटलं. तिथं लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर वर बांधकाम चालतं. नियम बरोबरच आहे. पण नवी घरं अशी भरावावर चढली की पाणी शेजारच्या जुन्या घरांत शिरणार, त्याचा हिशोब कुठल्या टेबलावर होतो कोण जाणे.

पत्रात तुमच्या जागेवरची लाल रेषेची पातळी आकड्यात लिहून घ्या. नुसतं 'मधे येते' लिहिलं तर नगरपालिका परत पाठवते. आणि भरावासाठी मुरमाचे हायवा (डंपर) उन्हाळ्यातच टाकून घ्या, पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत चाक रुततं आणि भावही चढतो.