विसर्ग-बटन: बॉट न चालवता विकीवरचं शुद्धलेखन, आत्तापर्यंतचं काम

मागे म्हटलं होतं तसं विसर्गाचं काम हातात घेतलंय: संपादनाच्या पानावर एक बटन, ते दाबलं की चुकीच्या कोलनांच्या जागी विसर्ग सुचवणारी छोटी स्क्रिप्ट चालते. मराठी विकिपीडियावर ढिगाने लेखांत विसर्गाच्या जागी कोलन आहे, दु:ख, नि:शुल्क, स्वत:, अंत:करण वगैरे. डोळ्यांना फरक कळत नाही पण ब्राउझरमध्ये खरा विसर्ग टाकून शोधलं की यातलं एकही सापडत नाही. दोष टायपणाऱ्यांचा नाही, इनस्क्रिप्ट या कीबोर्डमध्ये विसर्ग शिफ्ट धरून हायफनच्या बटनावर आहे हे किती जणांना माहिती असणार, समोर कोलन दिसतो तो दाबतात.

आता हे पायविकिबॉटने, म्हणजे विकीवर आपोआप संपादनं करणाऱ्या पायथनमधल्या साधनाने, एका संध्याकाळी होण्यासारखं आहे असं कोणीही म्हणेल. पॉज या ब्राउझरमध्येच कोड चालवायच्या सेवेत विकीच्याच खात्याने लॉगिन होतं, पायथन इन्स्टॉल करायला लागत नाही, पासवर्ड फाइलीत लिहायला लागत नाही, शब्द बदलणारी रिप्लेस स्क्रिप्ट तयार आहे, आणि सिम्युलेट हा पर्याय लावला की काहीही सेव्ह न होता नुसतं दिसतं. सगळं खरं. पण काळी टर्मिनल खिडकी उघडली की आपल्यातले निम्मे लोक तिथेच थांबतात, आणि ज्यांना शुद्धलेखन खरंच येतं ते नेमके त्या निम्म्यांत असतात. एकामागून एक लेख दुरुस्त करायला ऑटोविकीब्राउझर सोपा आहे पण तो विंडोजचा प्रोग्राम, त्याच्यासारखाच जेडब्ल्यूबी ब्राउझरमध्ये चालतो पण त्यातले रेजेक्सचे (मजकूर शोधायच्या सांकेतिक नमुन्यांचे) रकाने बघूनच माणूस बिचकतो.

म्हणून ठरवलं की नियम कोडमध्ये ठेवायचेच नाहीत. एक साधं विकीपान, दर ओळीला एक जोडी, डावीकडे चुकीचं मग बरोबरचं (=) चिन्ह मग उजवीकडे नीट. स्क्रिप्ट बटन दाबल्यावर ते पान वाचते, त्यामुळे कोणी आत्ता ओळ घातली की पुढच्या क्लिकला ती लागू. ऑटोविकीब्राउझरची टायपोंची यादी इंग्रजी विकीवर अशीच पानावर असते, फक्त तिथे रेजेक्स लिहावे लागतात. माझ्या यादीत रेजेक्स चालतच नाही, नुसते शब्द. उद्या कोणी खोडसाळपणे भलती ओळ घातलीच तर ती डेटा म्हणून वाचली जाते, कोड म्हणून चालत नाही, आणि बदल सेव्ह व्हायच्या आधी माणसासमोर येतोच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लेखातले शब्द यादीशी जुळवण्यात. कोणाला वाटेल दोन देवनागरी अक्षरांमधला कोलन बदलला की झालं, पण मग वर्ग:पुणे आणि साचा:माहितीचौकट पण त्यात येतात, आणि वर्गाच्या नावात विसर्ग बसला की तो वर्ग राहतच नाही, लेखात लाल दुवा, म्हणजे नसलेल्या पानाचा दुवा, उगवतो. म्हणून यादीच हवी. यादीतही गंमत आहे बघा, प्राय: ही ओळ घातली की अभिप्राय: चांगला यातला रास्त कोलनही पकडला जातो. म्हणजे शब्दाच्या आधी अक्षर नाही ना हे तपासायला पाहिजे. त्यासाठी सगळीकडे सांगतात तो बॅकस्लॅश बी, म्हणजे रेजेक्समधली शब्दाच्या सीमेची खूण, जावास्क्रिप्टमध्ये मराठीला निरुपयोगी आहे, त्याच्या लेखी अक्षरं म्हणजे फक्त इंग्रजी. पायथनमध्ये तर उलटी तऱ्हा, तिथे अक्षरं ओळखतात पण काना-मात्रा आणि हलन्त अक्षरात मोजत नाहीत, त्यामुळे स्वतःमधल्या व च्या आधीच शब्द सुरू झाला असं त्याला वाटतं. शेवटी जावास्क्रिप्टला मराठी अक्षरं ओळखायला लावणारा युनिकोड फ्लॅग लावून शब्दाच्या आधी अक्षर किंवा मात्रा नको असं स्वतंत्र लिहिलं. शब्दाच्या शेवटाला मात्र मुद्दाम मोकळं सोडलंय, कारण दु:खाने, स्वत:चा, अंत:करणात असे प्रत्यय लागणारच. आणि यादीत नुसता अंत: कोणी घालू नका प्लीज, लेखाच्या माहितीचौकटीत अंत: १९४५ असं असू शकतं, अंत:करण पूर्ण लिहा.

दुव्यांमध्ये उभ्या रेघेच्या डावीकडचा भाग सोडून दिलाय. लेखाचं शीर्षकच कोलनने असेल तर दुवा दुरुस्त करून लाल करण्यात काय अर्थ आहे, आधी लेख हलवायला लागेल. नोविकी टॅगमधला (जसाच्या तसा दाखवायचा) मजकूर आणि चित्रांची नावं पण वगळली.

धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) बटन नीट चालल्यावर एका बाईंना दिलं, निवृत्त शिक्षिका आहेत, लेख भरपूर लिहितात पण स्क्रिप्टच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, “अरे, दाबलं की लगेच सेव्ह नाही ना होणार?” बटनाचं नाव तेव्हा ‘दुरुस्त करा’ होतं, ते ‘विसर्ग सुचवा’ केलं. आणि एपीआयने, म्हणजे स्क्रिप्टनेच परस्पर, थेट सेव्ह करायचा बेत काढूनच टाकला, आता स्क्रिप्ट मजकूर संपादनाच्या चौकटीत भरते, सारांशाची ओळ लिहिते आणि ‘बदल दाखवा’ स्वतःच दाबते. पुढचं माणसाने. वेग जातो, मान्य आहे, पण पायविकिबॉट पण डीफॉल्टला दोन सेव्हमध्ये १० सेकंद थांबतोच की! आणि असं असल्यामुळे बॉट खात्याची, त्याला लागणाऱ्या बॉट फ्लॅग या परवानगीची भानगडच नाही, ही साधी माणसाची संपादनं आहेत, अलीकडील बदलांमध्ये इतरांना दिसतात.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी: कोडमिरर (संपादनातला मजकूर रंगीत दाखवणारी सोय) चालू असेल तर चौकटीतला मजकूर थेट वाचू नका, जुना मजकूर हाती येतो, मीडियाविकीच्या टेक्स्टसिलेक्शन मॉड्यूलमधून घेतला की दोन्हीकडे चालतं. व्हिज्युअल एडिटरमध्ये बटन येत नाही. मोबाइलचा एडिटर वेगळ्या ओव्हरलेमध्ये उघडतो, तिथेही अजून नाही, आणि हे मला खटकतंय कारण आपले बरेच लोक फोनवरूनच लिहितात.

इन्स्टॉलचं मात्र अजून रडगाणंच आहे. कॉमन डॉट जेएस या आपल्या खात्याच्या स्क्रिप्ट-पानात एक ओळ चिकटवा एवढंच सांगायचं असतं, पण ते पान उघडलं की वर धोक्याची सूचना येते आणि लोक परत फिरतात, सूचना बरोबरच आहे म्हणा. खरा उपाय गॅजेट, म्हणजे विकीवर सगळ्यांसाठी ठेवलेली स्क्रिप्ट, पसंतीक्रमात टिक केलं की चालू. पण साइटचा जावास्क्रिप्ट २०१८ पासून फक्त इंटरफेस प्रशासकांनाच बदलता येतो, त्यामुळे चावडीवर (विकीच्या चर्चेच्या पानावर) मागणी टाकायची आहे. त्याआधी कोडमधली सगळी मराठी वाक्यं एका जागी गोळा करतो, म्हणजे तपासणाऱ्याला सोपं.

यादीचं पान उघडं आहे, ओळी घाला. पुन:, प्रात:काळ, वस्तुत:, मूलत: झालेत. संदर्भांमधल्या पुस्तकांच्या शीर्षकांना आणि अवतरणांना हात लावायचा की नाही हे ठरलेलं नाही, तूर्तास स्क्रिप्ट संदर्भांच्या रेफ टॅगच्या आत जातच नाही.