बीबीसीचा एक जुना मंगळवार

मंगळवार, रात्र.

आज सुट्टी, त्यात पावसाची रिपरिप. म्हणून कधीचा मनात असलेला उद्योग करून टाकला: १९५४च्या आसपासचा बीबीसीचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत ओळीने ऐकायचा. तेव्हाचं बरंचसं प्रसारण हवेतच विरलं, त्यामुळे जे हाती लागलं ते, वर्षांचं थोडं मागेपुढे चालवून घेत, पण ज्याच्या त्याच्या वेळेला लावलं.

नऊनंतर 'हाउसवाइव्ज चॉइस'. बायकांनी पोस्टकार्डावर फर्माईश पाठवायची, निवेदकाने ती वाचून तबकडी लावायची. विविध भारतीवर वाढलेल्यांना हे काय समजावून सांगायचं? फक्त झुमरीतलैया नाही, एवढाच फरक.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. यात मी जास्त रमले. जून १९४०मध्ये, ऐन युद्धात, कारखान्यातल्या कामगारांचे हात चालते राहावेत म्हणून हा कार्यक्रम सुरू झाला. अर्धा तास बँड, मध्ये बडबड नाही, गायक जवळपास नाहीतच, लय कुठे ढिली पडत नाही. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे तेव्हाचं गाजलेलं गाणं इथे वर्ज्य होतं. त्यात टाळ्यांच्या जागा आहेत, आणि कामगार त्या जागी हातातल्या पान्याने यंत्रं बडवतील अशी साहेबांना धास्ती! आई शेजारी गवार मोडत बसली होती. "यात गाणारं कुणीच कसं नाही गं?" म्हणाली. गवार मात्र भराभर मोडून झाली.

दुपारी पावणेदोनला छोट्यांची गोष्ट, दोनला 'वूमन्स अवर', चारला 'मिसेस डेल्स डायरी'. डॉक्टरची बायको आपल्या रोजनिशीतलं पान वाचते आणि भाग सुरू होतो. हिला नवऱ्याची, म्हणजे जिमची, अखंड काळजी. १९४८पासून १९६९पर्यंत ती ही काळजी करत होती. मला पहिल्या काही मिनिटांतच डुलकी लागली.

पावणेसातला 'द आर्चर्स'. आधी या वेळेला डिक बार्टन नावाचा धाडसी हेर असायचा आणि पोरं जीव मुठीत धरून ऐकायची. १९५१मध्ये त्याला काढून त्याच्या जागी शेतकरी कुटुंब आणून बसवलं. युद्धानंतर अन्नाची ओढाताण होती, शेतीचं उत्पादन वाढायला हवं होतं, म्हणून शेतकऱ्यांना गोष्टीतून चार उपयोगाच्या गोष्टी सांगायच्या, हा मूळ हेतू. मालिका अजून चालू आहे.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की दिवसभरात प्रत्येकाची वेळ, जागा आणि वागणूक ठरवून दिलेली आहे. विनोदाचीसुद्धा. १९४०च्या दशकाच्या शेवटी बीबीसीने करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी एक नियमपुस्तिका काढली होती. संडासावर विनोद नको, मधुचंद्राच्या जोडप्यांवर नको, बायकांच्या अंतर्वस्त्रांवर नको, फिरत्या विक्रेत्यांवर नको.

आणि मग रात्री 'द गून शो'.

एरवी हा कार्यक्रम मला दमवतो. तिघं जण वीस जणांचे आवाज काढत एकमेकांच्या अंगावर धावतात, अर्धे विनोद निसटतात. आज मात्र दिवसभराची ती इस्त्री केलेली शिस्त कानात होती, आणि एकदम कळलं की हे लोक नेमकं काय उधळून लावत होते. निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड बातम्या सांगावा तशा धीरगंभीर आवाजात सुरुवात करतो. त्या आवाजाशिवाय पुढचा गोंधळ निम्माही हसवणार नाही.

१२ ऑक्टोबर १९५४चा भाग लावला होता. साल १९४१, बेक्सहिल हे समुद्रकाठचं गाव, रात्री सक्तीचा अंधार, आणि कुणीतरी म्हाताऱ्या माणसांवर गरमागरम बॅटर पुडिंग, म्हणजे पीठ-अंडी-दुधाचा भाजलेला पदार्थ, फेकून मारतंय. काडी ओढू नका, पलीकडून जर्मनांना दिसेल, असं एक जण बजावतो. इतक्या लांबून काडी कशी दिसेल, असं दुसऱ्याला वाटतं. काडी ओढल्याचा खर्रकन आवाज, आणि त्याच्या मागोमाग तोफगोळा. आई दचकली. "दिवाळी आहे का त्यांच्याकडे?"

ब्रिटनमधलं रेशनिंग त्याच वर्षी जुलैत कायमचं संपलं होतं. अंडी नि साखर वर्षानुवर्षं मोजूनमापून खाल्लेल्या लोकांपुढे तीन महिन्यांत हा माणूस पुडिंग फेकून मारतो! स्टुडिओतले श्रोते का खिदळत होते, ते आज पहिल्यांदा पोटातून पटलं.

लिहिणारा स्पाइक मिलिगन. पुडिंगचा मार खाणाऱ्या मिनी बॅनिस्टर या म्हातारीचा चिरका आवाजही त्याचाच. हा आमच्या नगरचा. १६ एप्रिल १९१८चा जन्म, वडील ब्रिटिश फौजेत, बालपणातली बरीच वर्षं पुण्याच्या कॅम्पात. पुढे तो स्वतः तोफखान्यात गेला आणि युद्धाच्या सुरुवातीला त्याची तुकडी होती याच बेक्सहिलला. इटलीत जखमी झाला, मनाने पार खचला. १९५२च्या अखेरीस, गून शो लिहिता लिहिता, पुन्हा कोसळला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा वेडेपणा लिहून द्यायचा म्हणजे काय, ते त्या माणसालाच ठाऊक. ती काडी आणि तो तोफगोळा मला आता नुसता विनोद वाटत नाही, पण हसू मात्र तेवढंच येतं. गावात त्याचं नाव घेतलं तर बहुतेक लोक "कोण?" म्हणतील. मलाही कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

आईला हा प्रकार अजिबात रुचलेला नाही. रविवारी तिला टोनी हॅन्कॉक या विनोदी नटाच्या रेडिओ मालिकेतला १९५८मधला तो रविवार दुपारचा भाग ऐकवणार आहे. त्यात सगळे अर्धा तास घरात बसून कंटाळतात, उसासे टाकतात, किती वाजले विचारतात. तो तिला नक्की आवडेल.