बिनपायांचा फुटबॉल: कोल्हापूर ते माटुंगा

महालक्ष्मी एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यात आमच्या सीटखाली बॅगांच्या जोडीला दोन खोकी होती. एकावर मार्करने ‘तांबडा’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘पांढरा’. जयसिंगपूरला चढलेल्या काकूंनी मिरज यायच्या आत विचारलंच, “रस्सा न्हेताय काय मुंबईला?” भाच्यानं थर्माकोल बाजूला सारून तांबड्याचं दर्शन घडवलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, चार चाकं, वायरींचा गुंता. “हे फुटबॉल खेळतंय, काकू.” काकूंनी वाकून नीट बघितलं. “आणि पाय कुठायत त्याचं?”

प्रश्न रास्त होता. मी पेठेतला माणूस. पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जागा धरायला दुपारीच जाणारा. आता वयानं पाय थकले, पण सकाळी बारक्या पोरांना बॉल कसा थांबवायचा ते शिकवतो. भाचा डिप्लोमाला आहे. माटुंग्याच्या एका कॉलेजात यंत्रांच्या फुटबॉलची स्पर्धा होती. टीमसोबत कुणीतरी मोठं माणूस हवं अशी घरच्यांची अट, म्हणून मामाची वर्णी. टीम चौघांची: भाच्याकडं वायरिंग, एकाकडं चासी म्हणजे यंत्राचा सांगाडा, एकाकडं कोड, आणि रिमोट गंगावेशीतल्या एका पोरीच्या हातात.

कराड गेलं तरी कुणी झोपायला तयार नव्हतं. भाचा मोबाईलवर एकेक दाखवत होता. एबीयू रोबोकॉन नावाची आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची स्पर्धा आहे, यजमान देश दरवर्षी नवा खेळ ठरवतो. 2008 साली ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे यंत्रांची दहीहंडी. 2022 साली दिल्लीत लगोरी. एक यंत्र चेंडू मारून थर पाडणार, दुसरं रचणार. 2025 साली मंगोलियात, उलानबातरला, बास्केटबॉल. लगोरीचा व्हिडिओ मी परत लावायला लावला. आमच्या बोळात लगोरी रचताना पाठीत बसलेला बॉल अजून आठवतो, आणि इथं ते काम एक यंत्र, पाठीची पर्वा न करता, निवांत करत होतं.

मग रोबोकप, म्हणजे यंत्रांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा. 1997 साली जपानमध्ये नागोयाला पहिली स्पर्धा झाली. 2050 पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला पूर्ण नियमानिशी हरवेल असा यंत्रमानवांचा संघ उभा करायचा, हे तिथल्या लोकांचं जाहीर उद्दिष्ट. मधल्या आकाराच्या यंत्रांची जी लीग आहे तिच्यात खरा पाच नंबरचा फुटबॉल वापरतात, आणि रिमोट नाही, सगळे निर्णय यंत्राचे. शेवटी विजेता संघ आयोजकांमधल्या माणसांशी मॅच खेळतो. त्या व्हिडिओत एक टक्कल पडलेले गृहस्थ यंत्राला कट मारून जाताना दिसले आणि मला फार बरं वाटलं.

सकाळी दादरला उतरलो. खोकी डोक्यावर घेऊन स्लो लोकलनं एक स्टेशन उलटं, माटुंगा. शनिवार असूनही लोकलमध्ये खोकी चढवताना जी शोभा झाली ती सांगत नाही. माटुंगा पूर्वेची मुंबई मला आवडते. जुनी झाडं, फुलवाल्यांच्या गजऱ्यांचा वास, आणि किंग्ज सर्कलजवळ कॅफे मद्रासबाहेर सकाळपासून उभी माणसं. रांगेला वेळ नव्हता. शेजारच्या गल्लीत उभ्यानं इडली खाल्ली, कॉफी घेतली आणि कॉलेज गाठलं.

हॉलमध्ये प्लायवूडचं मैदान मांडलेलं. हिरवी मॅट, चारी बाजूंनी फूटभर उंच कड, दोन गोल. प्रत्येक संघाची दोन यंत्रं, आकार 30 सेंटिमीटरच्या खोक्यात मावेल इतकाच, वजनाला मर्यादा, बॅटरीला मर्यादा. बॉल फोमचा. इथं यंत्रं रिमोटवर चालणार होती.

पहिल्या काही मॅचेस बघून मला तालमीतली सहा-सात वर्षांची पोरं आठवली. बॉल जिकडं, तिकडं सगळे. चारही यंत्रं एका कोपऱ्यात, बॉल मध्ये अडकलेला, मोटारींचा कर्कश आवाज आणि पंचाची शिट्टी. फुटबॉलमधली जागा नावाची गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती. मी भाच्याला म्हटलं, “पांढरा मागं ठेव. तांबड्याला एकट्याला जाऊ दे.” तो म्हणाला, “मामा, दोघं गेलो तर ताकद वाढत्या.” मी म्हटलं, ताकद कुस्तीला. त्यांनी ऐकलं. पांढरा गोलसमोर उभा राहिला, सुटून आलेला प्रत्येक बॉल त्याच्यावर आपटून परत गेला, आणि पहिली मॅच आम्ही 2-0 घेतली. एवढ्यानं माझी कॉलर ताठ झाली, हे कबूल.

पण गोल मारण्याआधी बॉल ताब्यात घ्यावा लागतो, आणि खरी गोम तिथं आहे. आमच्याकडचं बारकं पोरगंसुद्धा आठवड्याभरात शिकतं की येणारा बॉल पायावर आला की पाय किंचित मागं घ्यायचा. बॉल मरतो. यंत्राला हे येत नाही. पुढची पट्टी कडक, त्यामुळं बॉल लागला की उडतो, मग त्याच्यामागं धाव, परत लागला, परत उडाला. यावर इलाज म्हणून पुढं एक आडवा रोलर बसवतात. मोटरवर तो असा फिरतो की बॉलला उलटी फिरकी मिळते आणि बॉल यंत्राकडंच लोळत राहतो. याला ते ड्रिबलर म्हणतात. बॉल पोटात घेऊन पळता येऊ नये म्हणून त्यावर नियम आहेत. रोबोकपच्या छोट्या यंत्रांच्या लीगमध्ये वरून बघितलं तर बॉलचा 80 टक्के भाग यंत्राच्या बाहेर दिसला पाहिजे. आमच्या पोरांनी रोलरवर सायकलची ट्यूब चढवली होती. कोल्हापुरात ती चालली, पण इथल्या मॅटची धूळ बसली की रबर गुळगुळीत. “बॉल चिकटंना झालाय,” पोरगी दर मॅचनंतर सांगायची, आणि कुणीतरी ओल्या फडक्यानं ट्यूब पुसत बसायचं.

तिची दुसरी अडचण मला आधी कळलीच नाही. यंत्र तिच्यापासून लांब जात असताना डावं ते डावं. तेच वळून तिच्याकडं यायला लागलं की डावं उजवं होतं. मेंदूत उलटापालट करत राहायचं, तेही समोरून दोन यंत्रं धडक देत असताना. शेजारच्या टेबलावर पवईचा एक संघ होता, त्यांनी यंत्रात दिशा ओळखणारा सेन्सर बसवला होता. तोंड कुठंही असो, रिमोटची काठी पुढं ढकलली की यंत्र समोरच्या गोलकडंच जाणार. त्यांच्या पोरानं आमच्या कोडवाल्याला अर्धा तास बसून सगळं समजावलं, स्वतःचा प्रोग्रॅमसुद्धा दिला. पेठेत मॅचच्या दिवशी समोरच्या संघाला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, त्यामुळं मी हे बघतच राहिलो.

दुपारी घोळ झाला. तांबडा आणि समोरचं यंत्र नाकाला नाक लावून अडले, दोघंही रेटत राहिले. चाकं जागच्या जागी थांबली की मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. जळका वास आला, तांबडा गप्प. मोटर ड्रायव्हरचं, म्हणजे मोटरला करंट पुरवणारं, कार्ड गेलं होतं. भाच्यानं बॅटरी काढून वाळूच्या बादलीशेजारी नेऊन ठेवली, कारण फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “लॅमिंग्टन रोड.”

झेड ब्रिजवरून रूळ ओलांडून माटुंगा रोडला आलो, पश्चिम रेल्वेची चर्चगेट स्लो धरली. दादर, प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि ग्रँट रोड. पूर्वेला उतरून पाच-दहा मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन कुणाला विचारलं असतं तर संध्याकाळ झाली असती. हा रस्ता म्हणजे नुसती चैन. एका दुकानात केबलच केबल, पुढच्यात स्पीकर, तिसऱ्यात बोटाएवढ्या काउंटरवर हजार प्रकारचे कनेक्टर. भाच्यानं जळकं कार्ड काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते नाकाजवळ नेलं, वास घेतला आणि एकच प्रश्न केला, “रोबोवॉर का सॉकर?” सॉकर म्हटल्यावर वीस अँपिअरचं कार्ड काढून दिलं आणि वर बजावलं की फ्यूज टाका, सगळे कॉलेजवाले फ्यूज टाकायचा कंटाळा करतात आणि मग इथं येतात. भाच्यानं फ्यूजही घेतले. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळं हे शनिवारी जळालं हे नशीबच.

रविवारी बाद फेरी. उपांत्यपूर्व सामना पांढऱ्याच्या जिवावर निघाला. उपांत्य फेरीत समोर मुंबईचाच एक संघ, आणि त्यांच्या पहिल्याच पासला मी खुर्चीवरून उठलो. मागच्या यंत्रानं बॉल जोरात ढकलला, पुढच्याला लागला आणि थांबला. उडाला नाही. थेट मेला. मॅच आम्ही 4-1 हरलो, पण माझं लक्ष त्या थांबलेल्या बॉलवरच. मॅच संपल्यावर त्यांच्या पोरांना विचारून यंत्र जवळून बघितलं. रोलर चासीला घट्ट बसवलेला नव्हता. वर बिजागरी आणि मागं स्पंजचा तुकडा. बॉल आदळला की रोलर मागं दबतो. पाय मागं घेणं, दुसरं काय! मी आमच्या चौघांना बोलावून तिथंच, स्वतःच्या चपलेसकट, येणारा बॉल पायावर कसा थांबवतात ते करून दाखवलं. त्या मुंबईकर पोरांनीही व्हिडिओ घेतला.

महालक्ष्मीला वेळ होता म्हणून सीएसएमटीला खोकी क्लोकरूममध्ये टाकून मी पोरांना कूपरेजला नेलं. आजूबाजूला उंच इमारती, मध्ये हे फुटबॉलचं मैदान. रोव्हर्स कप इथं खेळला जायचा, 1891 साली सुरू झालेला. आधी गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी. 1950 ते 1954 सलग पाच वर्षं तो हैदराबाद पोलीस संघानं नेला, त्यांचे प्रशिक्षक रहीमसाहेब यांच्या हाताखाली. पोरांना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांना आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव माहीत, 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. गेट बंद होतं. जाळीतून मैदान बघितलं, कोडवाल्यानं मैदानाचा फोटो काढण्याऐवजी माझाच काढला.

परत आल्यापासून भाच्याच्या माडीवर स्पंजचे प्रयोग चालू आहेत. गादीचा स्पंज फार मऊ निघाला, रोलर दबतो तो परत येतच नाही. सध्या स्लीपरचं रबर लावलंय. हळू आलेला बॉल थांबतो, जोरात आलेला अजून उडतो. बिजागरीची जागा दोन सेंटिमीटर खाली घ्या असं माझं म्हणणं आहे, भाचा म्हणतो आधी गणित करूया.