दुसरा गिअर

सकाळी इंजिन थंड असताना आमच्या मारुती जिप्सीचा दुसरा गिअर पडत नाही. पहिल्यातून काढायचं, न्यूट्रलला क्लच एकदा सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग दांडा दोन बोटांनी अलगद खाली ओढायचा. जोर लावलात तर खर्रर्र करून अख्ख्या सोसायटीला उठवते. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत गेलं की सगळं सुरळीत, जणू मघाशी ओरडली ती दुसरीच कुणीतरी.

गाडी 2003 ची, जिप्सी किंग, 1300 सीसी. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरसीचं, म्हणजे नोंदणीचं, नूतनीकरण सहाशे रुपयांत झालं होतं. पुढच्या खेपेला 5,000. आता वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000 लागतात, वर पर्यावरण कर. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं म्हणून गॅरेजवाल्या उस्तादांनी इंधनाचे रबरी पाइप आधीच बदलून टाकले. आणि हे सगळं कशासाठी, तर लिटरला दहा किलोमीटर देणाऱ्या, एसी नसलेल्या गाडीसाठी. बायकोने खर्चाची एक्सेल शीट केली आहे. मी ती उघडत नाही.

तिच्या आग्रहाखातर मारुतीची नवी जिम्नी चालवून पाहिली. गंमत अशी, की आमची जिप्सी म्हणजे मुळात सुझुकीची जुनी जिम्नीच, फक्त लांबीला वाढवलेली. 1985 पासून ती भारतात बनत होती, साध्या गिऱ्हाइकाला 2019 पर्यंत मिळाली. म्हणजे नवीन गाडी परकी नव्हे, घरातलीच. चासी तशीच शिडीसारखी, फोर बाय फोरचा वेगळा दांडाही आहे. स्टिअरिंग करंगळीने फिरतं. दुसरा गिअर कसा पडला हे कळलंसुद्धा नाही. सहा एअरबॅग. आमच्या गाडीत एकही नाही आणि मागच्या आमनेसामने बाकांवर मुलगी बसायची. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून हल्ली तिला पुढे बसवतो, हे काही उत्तर नव्हे.

शेवटी विकायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं असं घरात सांगितलं. जाहिरात टाकल्यावर तासाभरात सात फोन आले. रविवारी कोल्हापूरहून एक मुलगा आला. पंचविशीचा, आल्याआल्या खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, दाराखालच्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं. पोराला समज होती.

"काका, काम काय काय आहे?"

मग माझी गाडी सुटली. डाव्या दाराखाली गंज आहे, रंगाखाली लांबी (पुटी) भरलीय. कापडी हूड पावसात ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यावर गळतं, त्यासाठी एक नॅपकिन ठेवलाय, तो गाडीसोबत मिळेल. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की रिझर्व्ह समजायचं. ताम्हिणीत खड्ड्यांमधून पाट्यांची गाडी अशी उडते की मागचे लोक गप्पा थांबवून दांड्या धरतात. घाट उतरताना पाचवा टाकायचा नाही, तिसऱ्यावर ती स्वतःला धरून ठेवते. आणि सकाळचा दुसरा गिअर! तो तर मी त्याला चालू गाडीत दाखवला. त्याने करून पाहिला. खर्रर्र. पुन्हा केला. खर्रर्र.

"असा नाही, आधी सोड... आता दाब... हां, ओढू नकोस, येऊ दे."

पडला. पोरगा हसला. सोसायटीला एक चक्कर मारून आला, किंमतीत घासाघीससुद्धा केली नाही. "चालेल काका. टोकन आत्ता देतो."

बायको गॅलरीतून बघत होती. मी म्हटलं, "अरे, एक राहिलंच. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचं अजून बाकी आहे. ते झालं की कळवतो."

प्लेट फेब्रुवारीतच बसली होती. पोरगा त्या प्लेटकडे बघतच उभा होता.