नखी ते हातोडी: लाइपझिगमधली एक दुपार

लाइपझिगला येणारे बहुतेक जण थॉमस चर्चमध्ये संगीतकार बाखच्या समाधीपाशी जाऊन येतात. मी आधी योहानिसप्लाट्झचं ग्रासी वाद्यसंग्रहालय गाठलं. १७५० साली बाखला पुरलं तेही याच भागात; थॉमस चर्चमध्ये तो दुसऱ्या महायुद्धानंतर आला.

मला पाहायचा होता पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याचा १७२६चा पियानो. फ्लॉरेन्सच्या या कारागिराचे तीनच पियानो उरलेत, बाकीचे दोन न्यूयॉर्क आणि रोमला. लोखंडी चौकट नाही, पट्ट्या ४९. तारेवर आपटणाऱ्या हातोडीचं डोकं म्हणजे कागदाची गुंडाळी, वर चामडं.

त्याआधीच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यामध्ये तार छेडते ती पिसाची नखी. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. मग चढउतार आणायचा कुठून? बाख तो लिहूनच ठेवतो: जोर हवा तिथे सुरांची दाटी, एरवी एकदोनच ओळी. ‘इटालियन कॉन्चेर्तो’त (१७३५) फोर्ते-पियानोच्या (मोठ्याने-हळू) खुणा आहेत, पण त्या दोन रांगांच्या वाद्यात पट्ट्यांची रांग बदलण्यासाठी. ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ही दोन रांगांच्या वाद्यासाठीच लिहिलेलं, म्हणून हात बिनधास्त एकमेकांवरून जातात. आजच्या पियानोवर रांग एकच, तिथे बोटांची टक्कर होते.

रेंगाळले मात्र क्लॅव्हिकॉर्डपाशी. यात पितळेची पात तारेला भिडते आणि बोट उचलेपर्यंत भिडलेलीच राहते. दाब कमीजास्त केला की सूर हलतो. आपल्या पेटीला कधी न जमलेलं आंदोलन इथे चक्क पट्टीवर! आवाज इतका नाजूक, की मोबाईलवर ध्वनिमुद्रण ऐकतानाही मी हेडफोन कानावर दाबून धरले. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याच्या मते वादकाची खरी पारख याच वाद्यावर होते. १७५३च्या ग्रंथात त्याने तसं लिहिलंय. त्याच्या संगीतातले अचानक थांबे, उसासे सभागृहासाठी नाहीतच, चार माणसांच्या खोलीसाठी आहेत. मोठ्या पियानोवर ते मला नेहमी जरा नाटकी वाटत आलेत. का, ते इथे कळलं.

आणि बाख स्वतः? जर्मनीत झिल्बरमान या वाद्यकाराने क्रिस्तोफोरीच्या धर्तीवर पियानो केले, तेव्हा वरचे सूर दुबळे, पट्ट्या जड, असं बाखने तोंडावर सांगितलं. झिल्बरमान दुखावला, पण पुढे त्याने ते सुधारले. १७४७ मध्ये पोट्सडामला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने बाखला झिल्बरमानच्याच पियानोंवर वाजवायला लावलं. १७४९ची तर एक पावती आहे: चौसष्ट वर्षांच्या बाखने पोलंडच्या एका सरदाराला पियानो विकल्याची.