कामाच्या तासांतून राजकारणाकडे
दिवसभराच्या कामानंतर बातम्या ऐकण्याचेही त्राण उरत नसे, त्यामुळे राजकारण हा फावला वेळ असलेल्यांचा विषय आहे, असे मी बरीच वर्षे मानत आलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली आपल्या पहिल्याच करारात उद्योगांतील काम दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांपुरते मर्यादित केले, हे वाचले तेव्हा तो समज मोडला. ज्या थकव्यामुळे मी राजकारणापासून दूर राहत होतो, त्याची मर्यादासुद्धा राजकारणानेच आखलेली होती, तीही कामगारांनी अनेक दशके लावून धरलेल्या मागणीनंतर. आता मी रोज रात्री २० मिनिटे एखाद्या विधेयकाचा मूळ मसुदा वाचतो. वाहिन्यांवरील चर्चा मात्र सोडल्या. मसुद्यातील व्याख्यांचे कलम मी सर्वांत सावकाश वाचतो, कारण ‘कामगार’ कोणाला म्हणायचे हे तिथेच ठरते.